शिह त्झूचे केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

पुण्यामुंबईत छोटं कुत्रं घ्यायला निघालेल्या कुटुंबाला शिह त्झूबद्दल तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. केस गळत नाहीत, फारसा भुंकत नाही, फ्लॅटमध्ये मजेत राहतो. आमच्या घरी चिंगी आली तीही याच तीन वाक्यांवर विश्वास ठेवून. तिन्ही वाक्यांत खोटं काही नाही, पण प्रत्येक वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं पिल्लू घरी आल्यावर हळूहळू कळत जातं, आणि तोवर कधी कधी त्या जिवाचे हाल होऊन गेलेले असतात. म्हणून ते अर्धं आधीच सांगावंसं वाटतं.

चिनी भाषेत शिह त्झू म्हणजे सिंह. चीनच्या जंगलात सिंह कधी नव्हते. सिंहाची प्रतिमा तिथे पोचली ती मुख्यतः बौद्ध धर्माबरोबर, मूर्तींतून आणि चित्रांतून. मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहनच सिंह. तोंडाभोवती आयाळीसारखे केस असलेल्या छोट्या कुत्र्यांना सिंहाचं नाव मिळालं ते त्यामुळे. तिबेटमधली लांब केसांची कुत्री आणि पेकिंगच्या राजवाड्यातली चपट्या तोंडाची कुत्री, या दोन्हींचा वारसा शिह त्झूत आहे. राजमाता त्सिशीच्या काळात राजवाड्यात अशी कुत्री मोठ्या हौसेने पाळली जात. १९०८ मध्ये राजमाता वारली. पुढे राजवट कोसळली आणि राजवाड्यातली पैदासही विस्कटली.

१९३० मध्ये जनरल डग्लस ब्राउनरिग आणि त्यांच्या पत्नीने चीनमधून काही कुत्री इंग्लंडला नेली. १९३३ साली चेल्टनहॅमच्या प्रदर्शनात ती तिबेटी अप्सोंच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा फरक सगळ्यांच्याच लक्षात आला. चीनहून आलेल्यांचं नाक आखूड, डोकं रुंद, पाय बुटके. तेव्हापासून ल्हासा अप्सो आणि शिह त्झू या दोन वेगळ्या जाती मानल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे आजही दोघांची गल्लत होते. ल्हासाचं नाक जरा लांब असतं आणि स्वभाव राखणदाराचा, अनोळखी माणसाला तो सहज जवळ करत नाही. अमेरिकन केनेल क्लबने शिह त्झूला मान्यता दिली १९६९ मध्ये.

या इतिहासातली एक गोष्ट निगेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आजच्या शिह त्झूंच्या वंशावळ्या मागे नेत गेलं की आपण जेमतेम १४ कुत्र्यांपाशी येऊन थांबतो. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये पेकिनीज या चपट्या तोंडाच्या जातीतल्या एका कुत्र्याचं रक्त त्यात मिसळलं गेलं, तेवढीच भर. पूर्वज इतके थोडे असले की चांगले गुण जसे पक्के होतात, तसे काही आजारही घराण्यात घर करून बसतात.

आता केसांकडे येऊ, कारण या कुत्र्याचं निम्मं शास्त्र केसांतच आहे.

प्रत्येक केसाचं आयुष्य तीन टप्प्यांचं असतं. तो वाढतो, थांबतो आणि गळतो. आपल्या डोक्यावरचा केस कित्येक वर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी घालता येते. भुवईचा केस थोडेच दिवस वाढतो आणि थांबतो, म्हणून भुवई कधी खांद्यापर्यंत येत नाही. बहुतेक कुत्र्यांचे केस भुवईच्या जातीचे, शिह त्झूचे डोक्याच्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की कुत्र्यांच्या केसांतली बरीचशी विविधता अवघ्या तीन जनुकांवर ठरते. त्यांतलं एफजीएफ५ हे जनुक केसाला ‘आता थांब’ असा निरोप देतं. लांब केसांच्या कुत्र्यांत या जनुकात बिघाड असतो, निरोप वेळेवर पोचत नाही आणि केस वाढत राहतो. आरएसपीओ२ नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे मिशा, दाढी आणि दाट भुवया येतात. शिह त्झूला म्हाताऱ्या आजोबांसारखा जो चेहरा मिळतो, तो या जनुकामुळे. कमी केस गळण्याशीही याच जनुकाचा संबंध आहे.

पण कमी गळणं म्हणजे न गळणं नव्हे. सुटलेला केस सोफ्यावर पडत नाही, कारण आजूबाजूचे लांब केस त्याला पडूच देत नाहीत. तो तिथेच अडकतो. त्यात दुसरा अडकतो. लॅब्रॅडॉरच्या घरात जो केस झाडूत येतो, तो शिह त्झूच्या घरात कुत्र्याच्या अंगावरच साठत राहतो. घर स्वच्छ राहतं ते त्या जिवाच्या अंगावर गुंता ठेवून, आणि तो गुंता रोज काढणं हे आपलं काम होऊन बसतं.

गुंते होतात ते बहुधा न दिसणाऱ्या जागी: कानांच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आत, हार्नेसचा पट्टा घासतो तिथे, पायाच्या बोटांमध्ये. वरून केस रेशमासारखे दिसतात आणि आत नमद्यासारखा थर बसलेला असतो. हा थर कातडीला चोवीस तास ओढून धरतो. आपली वेणी कुणी दिवसभर ओढून धरली तर कसं वाटेल, तसंच ते असतं. खाली हवा लागत नाही, ओल राहते, खाज सुटते, जखम होते. बऱ्याच वेळा कुत्रं चिडकं झालं म्हणून लोक डॉक्टरांकडे नेतात आणि सापडतो तो काखेतला गुंता.

विंचरायची रीत आपल्याला ठाऊक असलेलीच आहे. लांब केसांच्या मुलीचा गुंता आजी टोकाकडून सोडवत वर जायची, मुळापासून खाली ओढायची नाही. इथेही तसंच. केसांचा एक थर हाताने वर उचलून धरायचा, खालचा थर टोकाकडून मुळाकडे स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक तारांच्या ब्रशने, मोकळा करायचा, मग पुढचा थर सोडायचा. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत फिरवायचा. कंगवा न अडता निघाला तरच विंचरणं झालं. नुसता ब्रश वरवर फिरवून समाधान मानणं ही आमचीही पहिल्या वर्षातली चूक होती. लांब केस ठेवले तर हे रोज करावं लागतं, अंग छोटं कापलेलं असेल तर दोन दिवसांआड चालतं.

दोन गोष्टी अगदी पक्क्या लक्षात ठेवा. गुंता असताना आंघोळ घालू नका. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो, तसा गुंता भिजून वाळताना आवळत जातो आणि मग सुटतच नाही. आधी विंचरा, मग आंघोळ, मग थंड किंवा अगदी कोमट हवेच्या ड्रायरने मुळापर्यंत वाळवणं, तेही विंचरत. दुसरी गोष्ट कात्रीची. गुंत्याबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते, आणि कात्रीच्या पात्यात केस कुठे संपला आणि कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. घट्ट गुंता ग्रूमरकडून किंवा डॉक्टरांकडून मशीननेच काढून घ्यावा.

साधारण १० ते १२ महिन्यांच्या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. या काही आठवड्यांत सकाळी सोडवलेला गुंता संध्याकाळी परत हजर असतो. कितीतरी लोक या टप्प्यावर हात टेकतात. हे दिवस जातात, एवढं माहीत असलं तरी धीर येतो.

सगळे केस छोटे ठेवण्यात काही गैर नाही. पपी कट म्हणतात तो, सगळीकडे इंच-दीड इंच केस ठेवलेला, आपल्या हवेत मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जमिनीपर्यंत लोळणारे केस प्रदर्शनासाठी, आणि ते सांभाळायला दिवसाचा बराच वेळ लागतो. पण ‘उन्हाळा आहे, झीरो मारून टाका’ हे करू नये. चिंगीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका ग्रूमिंगवाल्याने कातडी दिसेपर्यंत मशीन फिरवली आणि आम्ही मान डोलावली. चार दिवसांत पाठ लाल झाली. केसांचा थोडा थर उन्हापासून आणि खरचटण्यापासून राखतो, तो ठेवायलाच हवा.

जाता जाता ॲलर्जीबद्दल. केस गळत नाहीत म्हणून दमेकऱ्याला त्रास होणार नाही, असं सांगून पिल्लू विकलं जातं. त्रास मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो, आणि लाळ व कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतो. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर पिल्लू घेण्याआधी एखाद्या शिह त्झूच्या घरी दोन-तीनदा तास-दोन तास बसून पाहा. नंतर कुत्रं परत देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता त्या चपट्या नाकाचा विचार. इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपण घामाने थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो पावलांच्या गाद्यांपुरता. त्याचं शरीर थंड होतं धापा टाकून: जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. शिह त्झूच्या बाबतीत हा माठच लहान आहे. नाक आखूड म्हणजे ओला पृष्ठभाग कमी. त्यात नाकपुड्या अरुंद, आणि टाळूचा मऊ भाग तोंडाच्या मानाने लांब, त्यामुळे हवेची वाट अडते. धापा टाकायलाच जास्त मेहनत पडते आणि त्या मेहनतीने अंग आणखी तापतं.

माठाची गोष्ट पुढे नेली की महाराष्ट्रातला फरकही कळतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात माठ गारेगार होतो आणि कूलर छान चालतो. मुंबईच्या दमट हवेत माठ कोमट राहतो आणि कूलर नुसती ओल वाढवतो. कुत्र्याच्या धापांचंही तेच. म्हणून मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे ३२ अंशांची दमट दुपारसुद्धा शिह त्झूला भारी पडू शकते, आणि थर्मामीटरकडे पाहून ‘फार काही नाही’ म्हणणं चुकीचं ठरतं. विदर्भात कूलर त्याच्या कामाचा, किनाऱ्यावर एसी. नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका फायदा होत नाही, कारण वाळवायला अंगावर घामच नसतो.

फिरायला न्यायचं ते सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. बाहेर पडताना आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून पाहायची. पाच-सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर त्याच्या पावलांनाही तो रस्ता सोसणार नाही. गळ्यात पट्टा न अडकवता छातीचा हार्नेस घालावा, गळा आवळला की श्वासही अडतो आणि डोळ्यांवरही ताण येतो. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला तो ताप वाटेल, त्याला ते सहज आहे. १०४ च्या वर गेलं की धोका. जीभ गडद लाल किंवा जांभळट, चिकट लाळ, पाय लटपटणं, उलटी, अशी लक्षणं दिसली तर आधी सावलीत घ्या आणि नळाचं साधं पाणी अंगावर ओता. केस बाजूला सारून ते कातडीपर्यंत, पोटावर आणि मांड्यांत पोचलं पाहिजे. मग पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

झोपेतलं घोरणं या जातीत नेहमीचं, पण जागेपणी थोडं चालल्यावर घरघर, जेवताना धाप, बेशुद्ध पडणं, हे गोड नाही आणि सवयीचं म्हणून सोडूनही देऊ नये. अरुंद नाकपुड्या आणि लांब टाळू यांवर शस्त्रक्रिया होते आणि तिने बऱ्याच कुत्र्यांना मोकळा श्वास मिळतो. वजन आटोक्यात ठेवणं हा मात्र रोजचा उपाय. हे कुत्रं साधारण चार ते सव्वासात किलोंचं. अंगावरच्या केसांखाली वाढलेलं वजन दिसत नाही, म्हणून बरगड्या बोटांना सहज लागतात का, ते चाचपून पाहायचं.

नाक चपटं झालं तशा डोळ्यांच्या खोबणीही उथळ झाल्या. मोठे, पाणीदार, बाहेर आलेले डोळे पाहूनच लोक या कुत्र्याच्या प्रेमात पडतात, आणि तेच त्याचं सर्वांत नाजूक अंग आहे. नाकावरचे केस वर फुलासारखे उगवतात आणि बुबुळाला टोचतात. म्हणून एक तर डोक्यावर बट बांधायची, किंवा डोळ्यांभोवतीचे केस बारीक ठेवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज कोपरे पुसायचे. डोळ्यांखालची तांबूस रेघ अश्रूंतल्या लोहयुक्त रंगद्रव्याची असते, ती सहसा निरुपद्रवी. घट्ट, पिवळट, चिकट घाण येऊ लागली तर अश्रूच कमी पडत असतील. हा कोरड्या डोळ्यांचा आजार या जातीत बराच आढळतो. डॉक्टर कागदाची एक छोटी पट्टी पापणीत अडकवून मिनिटभरात अश्रू मोजतात. लवकर कळलं तर रोजच्या थेंबांवर डोळा टिकतो.

आणि एक कळकळीची विनंती. डोळा लाल दिसला म्हणून घरातले उरलेले आय ड्रॉप घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल, तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. डोळा मिटून धरला, चोळला, निळसर झाला, तर उद्यावर ढकलू नका. मानेची कातडी धरून उचलणंही या जातीत टाळायला हवं, भांडणात किंवा झटक्यात डोळा खोबणीतून बाहेर आल्याच्या घटना घडतात. तसं झालंच तर डोळा ओला ठेवून त्याच क्षणी दवाखाना.

दातांचं थोडक्यात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात, मग तो जर्मन शेफर्ड असो की शिह त्झू. एवढे दात या आखूड जबड्यात बसतात तेव्हा गर्दी होते, अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. कुत्र्यांची पेस्ट वापरून ब्रश करायची सवय पिल्लूपणीच लावा. दुधाचे दात पडलेत ना, ते सात-आठ महिन्यांच्या वयात दाखवून घ्या. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर नखं झिजत नाहीत, ती कापावी लागतात. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे, पोट आणि कान कोरडे करणं चुकवू नये. लोंबत्या कानांत ओल राहिली की बुरशी होतेच. गोचिडी लांब केसांत नजरेला पडत नाहीत, बोटांनी शोधाव्या लागतात, आणि त्यांच्यामुळे येणाऱ्या टिक फीवरने छोटं कुत्रं झपाट्याने खालावतं. मुंबईसारख्या शहरात साचलेल्या पाण्यातून लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तेव्हा रेबीजच्या बरोबरीने त्याची लसही वेळेवर हवी.

आपल्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी विषारी असे पदार्थ बरेच आहेत. कांदा आणि लसूण घातलेलं काहीही, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगर-फ्री च्युइंग गम, आणि द्राक्षं. नाशिक-सांगलीकडच्या घरांत द्राक्षं, बेदाणे हाताशी असतात आणि मुलं प्रेमाने भरवतात, पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही, म्हणून एकही नको.

स्वभाव शेवटी सांगतोय, कारण तो वरच्या सगळ्यातूनच उलगडतो. शिकार, मेंढरं राखणं, ओझं ओढणं, यांतल्या कुठल्याच कामासाठी शिह त्झू घडवला गेला नाही. माणसाच्या सहवासात राहणं हेच त्याचं काम. म्हणून तो पाहुण्याचंही स्वागत करतो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आपल्यामागे येतो, टीव्ही पाहताना पायाशी टेकून बसतो. त्याची दुसरी बाजू अशी की दिवसभर सगळे कामावर गेलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तो खचतो. ‘फ्लॅटमध्ये मजेत राहतो’ या वाक्यात ‘त्या फ्लॅटमध्ये कुणी असेल तर’ हे शब्द राहून गेलेले असतात. आजीआजोबा घरी असलेली घरं त्याला फार मानवतात.

शू-शीची शिस्त लागायला वेळ लागतो. मूत्राशय लहान आहे आणि शिक्षा केली की तो लपून करायला शिकतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी नेणं आणि केल्याबरोबर कौतुक करणं, एवढाच मार्ग चालतो. मुलांशी त्याचं छान जमतं, फक्त अगदी लहान मुलाच्या हातात उचलून देऊ नये. सोफ्यावरून उड्या मारणंही कमी ठेवावं, अशा बुटक्या पायांच्या कुत्र्यांना पाठीच्या मणक्यांचा त्रास होतो.

हे सगळं जातीचं झालं, तुमच्या कुत्र्याचं नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीचा अभ्यास झाला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे येणारा वाटा त्यात साधारण ९ टक्के निघाला. चिंगी जातीच्या वर्णनाप्रमाणे शांत असायला हवी होती. ती दारावरची बेल, कुकरची शिट्टी आणि भाजीवाला या तिघांनाही उत्तर देते.

पिल्लू घ्यायचंच असेल तर फोटो पाहून पैसे पाठवू नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘टीकप’ आणि ‘इम्पीरियल’ ही नावं विकणाऱ्यांची आहेत, अशी कुठलीही मान्य उपजात नाही. मुद्दाम खुजी ठेवलेली पिल्लं नाजूक निघतात, त्यांची रक्तातली साखर पटकन उतरते. घरी जाऊन पिल्लाची आई पाहा. तिच्या नाकपुड्या मोकळ्या आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, अंगणात चार फेऱ्या मारल्यावर तिचा श्वास तोंड मिटून चालतो का. आई दाखवायला नकार मिळाला, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी तिथून निघा.